इंदोरीचा सोंगाड्या आणि आजची मुले

तळेगाव दाभाड्याहून चाकणकडे निघालात की वाटेत इंद्रायणीच्या काठी इंदोरी नावाचे गाव लागते. त्या रस्त्यावर आता रात्रंदिवस मालमोटारी आणि कारखान्यांच्या बसगाड्या धावत असतात. गजानन राघू सरोदे याच गावचे. या नावाने त्यांना फारसे कोणी ओळखायचे नाही. परंतु दादू इंदुरीकर म्हटले, की सत्तरी गाठलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर आपोआप हसू फुटते. त्याच्या नातवाला विचारा, तो म्हणेल, "ते कीर्तनकार महाराज ना?" निवृत्ती महाराज हे अकोले तालुक्यातल्या इंदुरीचे. गाव वेगळे, माणूस वेगळा! पण पोराचा त्यात काय दोष? मोबाइलवर त्याला जे इंदुरीकर भेटतात, ते हेच.

दादू हे तमाशातले सोंगाड्या. 'गाढवाचं लग्न' या वगातला त्यांचा सावळ्या कुंभार महाराष्ट्रभर गाजला. प्रभा शिवणेकर त्यात गंगी होत. शापामुळे गाढव झालेला गंधर्व आणि त्याचे राजकन्येशी लग्न, एवढीच गोष्ट. खरी गंमत सावळ्याच्या बोलण्यात होती. अडाणी कुंभार राजाच्या दरबारात उभा राहून भोळेपणाने असे काही विचारी, की दरबाराची अब्रू जाई आणि समोर बसलेला शेतकरी पोट धरून हसे. १९७३ साली दादूंना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. १९८० साली ते गेले. आजच्या पोरांना 'गाढवाचं लग्न' माहीत आहे, ते २००७ च्या चित्रपटामुळे, मकरंद अनासपुऱ्यांच्या नावाने.

आता जुनी पिढी तमाशाची चाहती आणि नवी त्याला विसरलेली, असा सरळ हिशेब मांडावा, तर तो जुळत नाही. स्वातंत्र्यानंतर लगेच, बाळासाहेब खेर मुख्यमंत्री असताना, अश्लीलतेच्या कारणाने मुंबई राज्यात तमाशावर बंदी आली होती. पुढे ती उठली, पण वगाची संहिता आधी तपासून घ्यावी लागे. म्हणजे आजोबांच्या काळीही तमाशाकडे नाक मुरडणारे होतेच, आणि ते सरकारात होते! पुढची पिढी शिकली, पिंपरीच्या आणि आकुर्डीच्या कारखान्यांत लागली, चाळीतून सदनिकेत गेली. आपले वडील फडाच्या मागे गावोगाव हिंडत, हे चारचौघांत सांगायला तिला लाज वाटू लागली. तिची मुले मात्र २०१० चा 'नटरंग' पाहून आली आणि शाळेच्या स्नेहसंमेलनात नऊवारी नेसून लावणीवर नाचू लागली. पालक पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवतात. लाज गेली, हे चांगलेच झाले. पण तमाशा म्हणजे लावणी, एवढेच मुलांच्या हाती आले.

तमाशात आधी गण, मग गौळण, मग बतावणी, आणि मध्यरात्रीच्या पुढे वग. वग रंगला की तांबडे फुटेपर्यंत चाले. लोक खरे बसत ते वगासाठी. आज नारायणगावला जाऊन पाहा. चाकणहून नाशिकच्या रस्त्याने साधारण पन्नास किलोमीटर. दर वर्षी पाडव्याच्या आगेमागे तिथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे यात्रेचे पंच सुपारी द्यायला येतात. २०२० आणि २०२१ साली साथीमुळे यात्राच भरल्या नाहीत. फडमालक कर्जात बुडाले, ते अजून पुरते सावरलेले नाहीत. त्यात रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद करण्याचा नियम. यात्रेत पालखी आणि जेवणे आटोपून लोक जमतात, तोच दहा वाजतात. उरल्या वेळात तरुण मंडळी सिनेमाच्या गाण्यांची फर्माईश करतात. मग फडवाले कापणार काय? वगच. आणि तीच तरुण मंडळी घरी जाताना म्हणतात, "तमाशात आता काही राम राहिला नाही."

त्यांनी वग नाकारला, असे म्हणता येत नाही. तो त्यांना दिसलेलाच नाही. नारायणगावच्याच विठाबाई भाऊ मांग यांची गोष्ट मात्र पुष्कळांना ठाऊक असते: खेळ चालू असताना कनातीमागे बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर आल्या. ऐकणारी मुले हळहळतात. त्याच विठाबाई वगात उभ्या राहिल्या की काय बोलत, कशा बोलत, ते विचारणारा विरळा. १९५७ साली राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांचा गौरव झाला होता, तो कलेसाठी. २००२ साली त्या वारल्या, त्या हलाखीत.

सोंगाड्याचे बोलणे बहुतेक हजरजबाबी असे. आज या गावच्या पाटलाला टोला, उद्या त्या गावच्या पुढाऱ्याला. ते लिहून कोण ठेवणार? दादूंचा वग डोळ्यांनी पाहिलेली माणसे आता थोडी उरली आहेत. शिक्षक मंडळींनी मावळात आणि खेड तालुक्यात मुलांना एवढेच काम द्यावे: आजोबांना विचारून या, सावळ्या कुंभाराच्या कोणत्या बोलण्यावर तुम्ही हसला होता? आजीलाही विचारा. तिचे उत्तर निराळे येईल. तमाशाच्या कनातीत बायकांनी जायची रीत नव्हती. पुष्कळ जणींनी तमाशा प्रथम पाहिला तो 'सांगत्ये ऐका'सारख्या चित्रपटात, १९५९ नंतर, पडद्यावरच. म्हणजे या बाबतीत आजी आणि नात एकाच ओळीत बसलेल्या! "वग नाही बाई पाहिला," असे ती म्हणेल, "रात्री घरात पडल्या पडल्या ढोलकी तेवढी ऐकू यायची, आणि मधूनच माणसं हसायची. कशाला हसतात, ते सकाळी कोणी सांगत नसे."