अमेरिकन बिअर : एका बदनामीचा इतिहास

अमेरिकन बिअरचा विषय निघाला की युरोपातला मनुष्य हमखास पाण्याचा उल्लेख करतो. ब्रिटिशांचे विनोद, जर्मनांचे उसासे आणि चेकांचे मौन या तिन्हींचा मथितार्थ एकच : अटलांटिकपलीकडे जे विकले जाते ते पेय असेल, बिअर नव्हे. आम्हांला या विनोदांचे वावडे नाही. त्यांतले काही तर फार चांगले आहेत. परंतु वाङ्मयाच्या अभ्यासकाला एक खोड असते. एखादी कृती सर्वानुमते सुमार ठरली, की ती कोणासाठी आणि कोणत्या काळात घडली हे त्याला विचारावेसे वाटते. या पिवळ्या, पातळ, बर्फगार पेयालाही तो प्रश्न विचारायला हरकत नसावी.

पहिली अडचण अशी, की हे पेय घडवणारे मुळात जर्मनच होते. १८४० नंतरच्या दशकांत जर्मनभाषक स्थलांतरितांचे लोंढे मिलवॉकी, सेंट लुइस, सिनसिनाटी या शहरांत स्थिरावले आणि थंड तळघरांत मुरवायची लागर बिअर त्यांनी सोबत आणली. कृती होती, कारागीर होते. नडली ती बार्ली. अमेरिकेत मुबलक पिकणाऱ्या, कणसात दाण्यांच्या सहा ओळी असलेल्या बार्लीत प्रथिने फार. त्यामुळे बिअर गढूळ होई. यावर तोड सांगितली ती प्रागमध्ये शिकून १८६८ साली अमेरिकेत आलेल्या अँटोन श्वार्त्झ या रसायनज्ञाने : माल्टला मक्याची किंवा तांदळाची जोड द्यावी. १८७६ साली सेंट लुइसच्या अडॉल्फस बुश यांनी जी 'बडवायझर' काढली ती तांदळाचीच. नाव बोहेमियातल्या बुडवाइस गावाचे, धान्य अमेरिकेचे. टीकाकार याला भेसळ म्हणतात. तांदळाला भेसळ म्हणणे कोकणातल्या माणसाला तरी मानवणार नाही. पण ते सोडा. हा तांदूळ वेगळ्या भांड्यात शिजवावा लागे, त्याचे जळण निराळे, वेळ निराळा. ही कामचुकारांची आडवाट नव्हती. आम्ही तर याला भाषांतर म्हणू, आणि तेही कसबी : परक्या मातीत शब्दशः उतरत नाही म्हणून मूळ संहितेला दिलेले नवे, नितळ रूप.

मग पाणी शिरले कुठून? आमच्या मते, कायद्यातून आणि बाजारातून. पहिल्या महायुद्धाने जे जे जर्मन ते ते संशयास्पद ठरवले, आणि दारूबंदीवाल्यांच्या हाती आयतेच कोलीत आले. १७ जानेवारी १९२० रोजी देशव्यापी बंदी लागू झाली. अर्धा टक्क्याहून कमी मद्यार्काची नावापुरती बिअर, माल्टचा पाक, आइस्क्रीम असे काहीबाही विकून थोडे कारखाने तगले. डिसेंबर १९३३ मध्ये बंदी उठली तेव्हा गोड, थंड सोड्यावर वाढलेली एक पिढी गिऱ्हाईक म्हणून उभी होती. १९३५ मध्ये बिअर डब्यात आली, पुढे घरोघरच्या फ्रिजमध्ये गेली. आणि अतिथंड पेयाची चव जिभेला फारशी कळत नाही, हे तर कुल्फी खाणाराही सांगेल. १९६७ मध्ये जोसेफ ओवेड्स यांनी कमी उष्मांकांची बिअर तयार केली. १९७५ मध्ये 'मिलर लाइट' देशभर गेली. १८७३ साली जिथे चार हजारांवर ब्रुअऱ्या होत्या, तिथे १९७० च्या दशकाअखेर बिअर करणाऱ्या कंपन्या शंभरही उरल्या नाहीत. या काळातली बिअर पाणचट होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण तो अमेरिकन जिभेचा उपजत दोष मानला, तर एवढा सगळा इतिहास आपण गिळून टाकला असे होईल.

कारण तीच जीभ पुढे पालटली. बंदी उठल्यावर घरी वाइन करायला मुभा मिळाली होती, बिअर करायला मात्र नाही. ती चूक १९७८ मध्ये जिमी कार्टर यांच्या सहीने दुरुस्त झाली. तत्पूर्वीच, १९६५ साली, फ्रिट्झ मेटॅग यांनी सॅन फ्रान्सिस्कोची मोडकळीला आलेली अँकर ब्रुअरी वाचवली होती आणि १९७६ मध्ये जॅक मॅकॉलिफ यांनी सोनोमात 'न्यू अल्बियन' उभारली होती. ती लवकरच बुडाली, पण तिच्यामागून येणारे थांबले नाहीत. १९८० च्या 'सिएरा नेवाडा'ने कॅस्केड या अमेरिकन हॉप्सचा मोसंबीसारखा कडवट गंध लोकप्रिय केला. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडहून मुंबई-कलकत्त्याच्या गोऱ्या साहेबांसाठी पिंपे भरभरून येणारी इंडिया पेल एल इंग्लंडातच फिकी पडली होती. तिला नवे तेज अमेरिकेने दिले आणि इंग्लंडातले तरुण ब्रुअर ती अमेरिकनांकडून पुन्हा शिकले. आज अमेरिकेत नऊ हजारांवर ब्रुअऱ्या आहेत. त्यांतल्या काहींचा कडूपणा काडेचिराइताच्या काढ्याची आठवण करून देतो, हा आमचा आक्षेप तेवढा नोंदवून ठेवतो.

मेटॅग यांनी वाचवलेली अँकर २०२३ मध्ये बंद पडली. 'बडवायझर' मात्र खपते आहे. तिची मालकी २००८ पासून बेल्जियममध्ये ठाण मांडून बसलेल्या कंपनीकडे आहे. तेव्हा अमेरिकन बिअरवरचे विनोद ल्यूव्हेन शहरात सांगताना आवाज जरा खालीच ठेवावा.