दर्या कुणाचा?

महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात पाच नद्यांचा उगम एकत्र मानला जातो. त्यातली सावित्री पश्चिमेला उतरते आणि बाणकोटच्या खाडीतून अरबी समुद्राला मिळते. कृष्णा मात्र समुद्र अवघ्या ६४ किलोमीटरवर असताना त्याच्याकडे पाठ फिरवते आणि वाई, कऱ्हाड, सांगली करत सुमारे १,४०० किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. आम्ही या कृष्णाकाठची माणसं. समुद्र आणि त्याचा कायदा हा काही आपला विषय नव्हे, असं आम्हाला वाटत आलंय. पण समुद्र कुणाचा, या प्रश्नावर अरबी समुद्रात जो मोठा झगडा झाला, त्यातला एक पक्ष साताऱ्याच्या गादीचा होता, हे आपण विसरतो.

१७०८ मध्ये शाहू महाराजांचा साताऱ्यात राज्याभिषेक झाला, तेव्हा कान्होजी आंग्रे ताराबाईंच्या बाजूला होते. त्यांच्यावर चालून गेलेले पेशवे बहिरोपंत पिंगळे कान्होजींच्या कैदेत पडले. मग १७१३ मध्ये पेशवेपद मिळालेल्या बाळाजी विश्वनाथांनी बोलणी करून कान्होजींना शाहूंच्या बाजूला वळवलं. कान्होजींना किल्ले मिळाले आणि सरखेलपदही. म्हणजे किनाऱ्यावरच्या त्यांच्या हुकमामागं आता साताऱ्याच्या छत्रपतींचा शिक्का उभा राहिला.

कान्होजींचा आग्रह असा की, या किनाऱ्यावरून जाणाऱ्या व्यापारी जहाजानं सरखेलांचं दस्तक घ्यावं. दस्तक म्हणजे परवाना. तो असेल त्याला संरक्षण, नसेल त्याचं जहाज धरायचं. इंग्रजांनी याला चाचेगिरी म्हटलं आणि कान्होजींना चाचा. १७१७ मध्ये विजयदुर्गावर, १७१८ मध्ये खांदेरीवर आणि १७२१ मध्ये पोर्तुगीजांना सोबत घेऊन कुलाब्यावर त्यांनी हल्ले केले. तिन्ही फसले. पण चाचा हा शब्द मात्र इंग्रजी पुस्तकांत पुढं कितीतरी वर्षं टिकला.

आता ही दस्तकाची रीत कान्होजींनी काढली होती का? नाही. ती या समुद्रात आणली पोर्तुगीजांनी. त्यांच्या परवान्याला कार्ताझ म्हणत. त्याआधी इथं बंदरात जकात घेत असत, दर्यावर मालकी सांगत नसत. १५०२ मध्ये वास्को द गामानं मक्केहून परतणारं ‘मिरी’ नावाचं जहाज बायकापोरांसकट जाळलं. ज्या दहशतीवर कार्ताझ चालला, ती ही.

आमच्या घरातले आजोबा मुंबईहून बोटीनं हजला गेले होते. त्या प्रवासाच्या गोष्टी मी लहानपणी पुष्कळ ऐकल्या. म्हणून असेल, पण या इतिहासातला एक प्रसंग मला विसरता येत नाही. अकबर बादशहाची आत्या गुलबदन बेगम हजला निघाली आणि पोर्तुगीजांच्या परवान्यासाठी सुरतेत कित्येक महिने अडकून पडली. त्या परवान्यावर येशू-मरियमच्या प्रतिमा असत. तेव्हा दरबारातल्या मखदूम-उल-मुल्क या धर्मपंडितानं निवाडा दिला : खुष्कीची वाट शियांच्या मुलखातून, समुद्राची वाट प्रतिमांच्या परवान्यावर; तेव्हा हज आता बंधनकारक नाही! एक कागद माणसाच्या फर्जाच्या आड कसा येतो, याचं याहून बोलकं उदाहरण मला माहीत नाही.

युरोपातही यावर वाद पेटला. डचांनी १६०३ मध्ये सिंगापूरजवळ ‘सान्ता कातारिना’ हे पोर्तुगीज जहाज पकडलं. ते कृत्य कायदेशीर ठरवण्याच्या खटपटीतून ह्यूगो ग्रोशियस या तरुण वकिलाचं ‘मारे लिबेरुम’, म्हणजे ‘मुक्त समुद्र’, हे पुस्तक १६०९ मध्ये निघालं. समुद्र कुणाच्याच मालकीचा नाही, हे त्याचं सूत्र. गंमत अशी की, मुक्त समुद्राचा हा मंत्र जपणाऱ्या डचांनीच पुढं मसाल्याच्या बेटांवर आपली मक्तेदारी बसवली.

कान्होजींचा न्याय कसा करायचा? सुरेंद्रनाथ सेन यांनी मराठी आणि पोर्तुगीज कागद धुंडाळून चाचेगिरीचा आरोप तपासला. मनोहर माळगावकरांनी इंग्रजीत त्यांचं चरित्र लिहिलं. भा. कृ. आपटे यांनी मराठ्यांच्या आरमाराचा सविस्तर इतिहास सिद्ध केला. संयुक्त राष्ट्रांच्या १९८२ च्या सागरी कायद्याच्या करारात चाचेगिरीची व्याख्या आहे. खासगी हेतूनं, खासगी जहाजावरच्या लोकांनी, खुल्या समुद्रात केलेली लूट वा हिंसा, असा तिचा गाभा. आजच्या मापानं अठरावं शतक मोजू नये, हे खरं. तरीही मोजलंच, तर राजानं नेमलेला सरखेल त्या व्याख्येत बसत नाही. उलट समोरचा पक्ष होता भागधारकांच्या नफ्यासाठी चालणारी एक व्यापारी कंपनी, आणि तीही आपले परवाने देतच होती. १९५१ मध्ये भारतीय नौदलानं मुंबईतल्या आपल्या तळाला ‘आंग्रे’ हे नाव दिलं, तेव्हा हा निवाडा आपल्यापुरता लागला.

पण मित्रहो, एवढ्यावर थांबलो तर तो इतिहास नव्हे, नुसता पोवाडा होईल. त्या नाखव्याचा विचार करा, ज्याच्या पडावात थोडा नारळ आणि थोडी सुपारी आहे. पोर्तुगीज, इंग्रज, सिद्दी आणि आंग्रे, प्रत्येकाचं म्हणणं की माझा कागद घे. त्याच्या दृष्टीनं दर्या मुक्त नव्हता. नाकी तेवढी वाढली होती.

हे दुःख ओळखणारा एक जाणता माणूस आपल्याकडं होता. रामचंद्रपंत अमात्य. त्यांचं ‘आज्ञापत्र’ १७१५-१६ च्या सुमाराचं, वारणेपलीकडच्या कोल्हापूर गादीसाठी लिहिलेलं. त्यातल्या आरमाराच्या प्रकरणात ते बजावतात की, कौल घेतलेल्या सावकाराच्या वाटेस जाऊ नये. परमुलखाचा सावकार कौलाशिवाय आढळला, तरी त्याला अभय देऊन बंदरात आणावं, व्यापार करू द्यावा. जहाजासाठी लाकूड तोडतानाही रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू नये. सत्ता हवी, पण तिनं रयतेला आणि व्यापाऱ्याला जपावं, ही ती दृष्टी. ती टिकली नाही. १७५६ च्या फेब्रुवारीत पेशव्यांशी संगनमत असलेल्या इंग्रजांनी विजयदुर्गात तुळाजी आंग्र्यांचं आरमार जाळलं. त्यानंतर या किनाऱ्यावर इंग्रजांना अडवील असं आरमार उरलं नाही.

आजचा कायदा या भांडणांतूनच घडत आला. किनाऱ्यापासून १२ सागरी मैल देशाची हद्द, २०० मैलांपर्यंत मासळी आणि खनिजांवर हक्क, पण जहाजांची ये-जा मोकळी. भारतानं १९७६ मध्ये आपला कायदा केला, १९९५ मध्ये हा करार मान्य केला आणि २०२२ मध्ये संसदेनं चाचेगिरीविरोधी कायदाही संमत केला.

याचा आमच्याशी संबंध काय? नोव्हेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले. २०२४ च्या हंगामात युरोपला निघालेल्या आपल्या द्राक्षांना सुएझची वाट सोडून आफ्रिकेला वळसा घालावा लागला. दिवस वाढले, भाडं वाढलं, आणि द्राक्ष तर नासका माल. येमेनजवळच्या समुद्रात कुणीतरी तुम्हाला वाट नाही म्हणतो, आणि त्याची झळ तासगावच्या बागाईतदाराला लागते. त्यानं समुद्र पाहिलेला नसेल, पण त्याचं वर्षाचं कष्ट त्यावर तरंगत असतं. कृष्णा दर्याकडं पाठ करून वाहिली, तरी तिच्या काठच्या माणसाला ती सोय नाही.