पोटात काय दडलंय?

माणसाचे पोट मोजायचे, तर शास्त्रज्ञांनी बराच काळ पोटाला हातच लावला नाही! बेल्जमच्या केटले नावाच्या गणितज्ञाने १८३०च्या दशकात वजनाची सांगड उंचीच्या वर्गाशी घातली. त्या भागाकाराला १९७२ साली अँसेल कीज यांनी ‘बॉडी मास इंडेक्स’ असे भारदस्त नाव दिले. पण या गणितात तालमीतला पहिलवान आणि गादीवरचा शेठजी एकाच पंगतीत बसतात, त्याचे काय?

मार्सेयच्या डॉ. झाँ वाग यांनी १९४७ सालीच सांगितले होते, की चरबी किती यापेक्षा ती बसलीय कुठे, ते बघा. मांडीवरची बिचारी गरीब, पोटातली महाउपद्व्यापी. पुढे सीटी स्कॅन आला आणि १९८३च्या सुमारास जपानी डॉक्टरांनी बेंबीपाशी पोटाचा आडवा छेद पडद्यावर पाहून कातडीखालची चरबी वेगळी नि आतड्यांभोवतीची वेगळी मोजून दाखवली.

वरून दिसते ते खरे नसते, हे आम्हा किहीमकरांना नवे नाही. सालिम अली १९३० साली इथेच सुगरणीची घरटी न्याहाळत होते. नाव सुगरणीचे, पण विणकाम नराचे! बाईसाहेब अर्धे घर पाहायला येतात. पसंत पडले की नांदतात, आणि हे गृहस्थ दुसरीसाठी दुसरे घर बांधायला घेतात.

असाच एक जोड-फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये झळकला. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघेही सडपातळ, दोघांचा इंडेक्स २२.३. पण क्ष-किरणांच्या यंत्राने हिशेब मांडला तेव्हा युडकिनांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांच्या २१.२! पुण्याजवळच्या खेड्यांतल्या बाळांतही याज्ञिकांना हेच दिसले होते. वजन सरासरी २.७ किलो, इंग्लंडच्या साउदॅम्प्टनमधल्या बाळांचे ३.५, पण पाठीवरच्या कातडीची चिमूट मोजली, तर ती जवळपास तितकीच. म्हणजे बारीक दिसून आतून लठ्ठ असण्याची कला आपण जन्मतःच घेऊन येतो.

आमच्या वाडीतले अण्णा असेच, पोफळीसारखे सरळ. “अरे, मधुमेह जाड्यांना होतो,” म्हणत चहात तीन चमचे साखर ढवळायचे. पन्नाशीनंतर पायाची जखम काही केल्या भरेना, तेव्हा रक्त तपासले. अंगठा गमवावा लागला. काट्यावर त्यांचे वजन कधी फारसे हलले नव्हते. विजारीच्या शिवणीत राखलेले दोन बोटे कापड मात्र केव्हाच उसवून संपले होते. ते शिंप्याला ठाऊक होते. पण त्याला विचारतो कोण?

आता डॉक्टरही टेप घेऊन शिंप्याच्या वाटेने निघाले आहेत. आपल्याकडे पुरुषांनी ९० सेंटिमीटर आणि बायकांनी ८० ओलांडले, की सावध व्हायचे. टेप धरायची शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडून. आणि हो, पोट आत ओढायचे नाही. समोर फोटोग्राफर नसतो!