रायफलीच्या मुठीची कुळकथा

चाप ओढणारा हात दस्त्याला जिथे धरतो, ती रायफलीची मूठ. आज बहुतेक लष्करी आणि स्पर्धेच्या रायफलींना ती पिस्तुलाच्या मुठीसारखी खाली उतरलेली असते. बंदुकीच्या काही शतकांच्या इतिहासात मात्र हा आकार बराच उशिरा आला आणि धरणाऱ्याच्या हाताचे माप घेऊन मूठ घडवायची कल्पना त्याहूनही उशिरा. तोवर लाकूड जसे असेल तसे हाताने जुळवून घ्यायचे, असाच रिवाज होता.

नांदेडच्या तख्त सचखंड श्री हजूर अबचलनगर साहिबमध्ये गुरू गोबिंदसिंगांची शस्त्रे जपलेली आहेत. ऑक्टोबर १७०८ मध्ये गुरूंनी नांदेड इथेच देह ठेवला. त्या शस्त्रांत तलवारी, धनुष्ये, बाण आणि ढाल यांच्याबरोबर तोड्याची एक बंदूकही आहे. त्या काळच्या हिंदुस्थानी तोड्याच्या बंदुकीचा दस्ता सहसा सडपातळ, सरळ आणि पैलूदार असे. मूठ म्हणावी असा वेगळा भाग त्यात नसे. जळता तोडा धरणारी पट्टी दस्त्याच्या फटीतून वर आलेली असे. चाप मागे ओढला की ती खाली झुकून कानातल्या दारूला बत्ती देई. दस्ता बारीक असल्याने तो काखेत दाबून किंवा खांद्याला लावून धरत. पंजाला आधार नसला तरी त्याची फारशी उणीव भासत नसे, कारण बार उडायला क्षणभर उशीर व्हायचाच आणि नेम धरायचा तो अदमासाने.

उदगीरच्या लढाईत वेगळीच बंदूक दिसते. ३ फेब्रुवारी १७६० रोजी सदाशिवरावभाऊंनी निजामाला इथे नमवले, त्यात इब्राहिमखान गारद्याच्या कवायती पायदळाचा आणि तोफखान्याचा मोठा वाटा होता. गारदी युरोपीय धर्तीच्या चकमकीच्या बंदुका वापरत. या बंदुकीचा दस्ता मागे रुंद, खांद्याला टेकेल असा, आणि चापामागे एकदम बारीक. त्या बारीक भागावरून अंगठा पलीकडे टाकायचा आणि बाकीची बोटे खालून आवळायची. म्हणजे मूठ आता ओळखता येऊ लागली, पण ती जवळपास सरळच राहिली. त्यामागचे कारण लाकडात आहे. दस्ता एकाच ओंडक्यातून काढायचा. तिथे जास्त बाक दिला, तर लाकडाची रेघ बाकाला आडवी जाते आणि दस्ता नेमका तिथेच मोडतो. त्यातच टोकाला संगीन लावून भोसकायचे आणि दारू संपली की दस्त्यानेच हाणायचे. अशा हत्याराला नाजूक वळण परवडणारे नव्हते. तुकडीने एकदम फैर झाडायची असल्याने एकेका शिपायाच्या पंजाचा विचारही कोणी करत नव्हते.

मुठीला पहिले वळण मिळाले ते नेमबाज शिकाऱ्यांकडून. जर्मन प्रदेशातल्या शिकारी रायफली आखूड आणि जड होत्या. त्यांच्या चापाभोवतीचे कडे मागे लांबवून बोटांना टेकायला जागा केलेली असे. इझिकिएल बेकरने घडवलेली आणि ब्रिटिश सैन्याने १८०० मध्ये स्वीकारलेली रायफल याच वळणाची. तिचे पितळी कडे पिस्तुलाच्या मुठीसारखे मागे वळलेले होते, त्यामुळे लाकूड न वाकवताही हाताला मूठ मिळाली. ही युक्ती आजही दाद द्यावी अशीच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमधल्या स्पर्धेच्या आणि शिकारीच्या रायफलींवर खरोखरची लाकडी पिस्तुलमूठ दिसू लागली. हात घसरू नये म्हणून तिच्यावर जाळीदार खाचा कोरत.

लष्कराने मात्र अर्धाच मार्ग पत्करला. १८८८ ची ली-मेटफर्ड आणि १८९५ पासूनची ली-एनफिल्ड यांच्या दस्त्याला चापामागे हलका उतार आहे. ती ना धड सरळ, ना धड पिस्तुलमूठ. जर्मन सैन्याच्या १८९८ च्या माउझरचेही तसेच. अमेरिकनांची १९०३ ची स्प्रिंगफील्ड सरळ दस्त्यानेच चालत राहिली. पिस्तुलमुठीचा दस्ता तिच्यासाठी १९२९ मध्ये मान्य झाला. ली-एनफिल्ड बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यात तयार होऊ लागली आणि ‘थ्री-नॉट-थ्री’ या नावाने घरोघरी माहीत झाली. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईत, म्हणजे नांदेड आणि लातूर अजून हैदराबाद संस्थानात असताना, भारतीय जवानांच्या हाती हीच रायफल होती. समोरच्या रझाकारांपैकी बहुतेकांकडे ठासणीच्या बंदुका आणि तलवारी होत्या.

मापाचा विचार ली-एनफिल्डमध्ये ठळकपणे दिसतो. तिचा दस्ता दोन तुकड्यांत असल्याने मागचा तुकडा बदलता येई, आणि तो चार मापांत मिळे: नेहमीचा, त्याहून अर्धा इंच लांब, अर्धा इंच आखूड, आणि सर्वांत ठेंगण्या जवानांसाठी एक इंच आखूड. खांद्यापासूनचे अंतर असे बेतता आले, पण मुठीची जाडी सर्वांना एकच.

सरळ दस्त्याची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. दोन चापांच्या दुनळी बारा बोअर बंदुकीत पहिला बार पुढच्या चापाने, दुसरा मागच्या चापाने. हात किंचित मागे सरकवावा लागतो, आणि सरळ दस्त्यावर तो सहज सरकतो. पिस्तुलमूठ तिथे आडवी येते. म्हणून या बंदुकीत तिचा अभाव ही उणीव मानता येत नाही.

लष्करी रायफलीची मूठ दस्त्यापासून सुटी झाली ती धक्क्याच्या दिशेमुळे. जुन्या दस्त्यात नळी वर आणि खांदा खाली असल्याने प्रत्येक बाराला नळीचे तोंड वर उसळते. एकामागून एक गोळ्या झाडणाऱ्या रायफलीत ही उसळी नेम पार बिघडवते. उपाय म्हणून दस्ता नळीच्या जवळपास रेषेत आणला गेला. पण मग चापामागचे लाकूड इतके वर गेले की पंजाला धरायला काही उरले नाही. खाली वेगळी मूठ लावणे भाग पडले. भारतीय सैन्यात १९६० च्या दशकात आलेली एसएलआर आणि नव्वदीच्या दशकातली इन्सास या दोन्हींची मूठ याच वंशातली. मूठ हाताच्या सुखासाठी आली असा समज सर्रास आढळतो, पण लष्करी रायफलीत ती आली गरजेपोटी, आणि तिथेही ती सर्वांना एकाच मापाची राहिली.

हाताचे माप घेणारी मूठ स्पर्धेच्या मैदानात वाढली. महाराष्ट्राला ती चांगलीच परिचित आहे. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोन रायफलीचे विश्वविजेतेपद मिळवले. त्याच जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ऑलिंपिक कांस्यपदक पटकावले. या प्रकारात गुडघ्यावर बसून, पालथे झोपून आणि उभे राहून नेम धरायचा असतो. कोपराची उंची दर वेळी बदलते आणि तिच्याबरोबर मनगटाचा कोनही. म्हणून चांगल्या रायफलींची मूठ पुढे-मागे सरकते आणि थोडी फिरतेही.

मूठ निवडताना आधी चाप पाहावा. तर्जनीच्या पहिल्या पेराचा मांसल भाग चापावर टेकला पाहिजे आणि बोटाचा बाकीचा भाग लाकडाला न लागता मोकळा राहिला पाहिजे. मूठ फार जाड असेल तर बोटाचे टोकच पोचते आणि चाप बाजूला खेचला जातो. फार बारीक असेल तर बोटांची टोके तळव्यात रुततात आणि पकड नकळत आवळली जाते. मनगट कुठेही मुरगळलेले नसावे. तळव्याच्या खळग्यात मुठीचा फुगवटा नीट बसला की कमी जोरातही पकड स्थिर राहते. हे सारे जाड नेमबाजी जॅकेट अंगात घालून, प्रत्यक्ष पवित्र्यातच तपासावे. टेबलापाशी उभे राहून घेतलेला अंदाज फसवा ठरतो. पक्की परीक्षा गोळीविना होते: रिकाम्या रायफलीचा चाप ओढताना नेम डावीकडे किंवा उजवीकडे हलला, तर दोष बहुधा पकडीत असतो.

तयार मूठ लहान, मध्यम, मोठ्या मापांत आणि उजव्या-डाव्या हातासाठी वेगळी मिळते. तरी अनेक नेमबाज ती पॉलिश पेपरने घासतात, उणे वाटेल तिथे लांबी भरतात, वाळल्यावर पुन्हा हात लावून पाहतात. हे काम घाईचे नाही. थोडे थोडे घासत जाणे शहाणपणाचे, कारण उतरलेले लाकूड परत चढवता येत नाही. नांदेड-लातूरच्या मे महिन्यात तळवा घामेजतो. तिथे गुळगुळीत पॉलिशपेक्षा टोचे मारून खडबडीत केलेला पृष्ठभाग बरा.

या स्वातंत्र्याला नियमांची मर्यादा आहे. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांनुसार उजव्या हाताची मूठ डाव्या हातावर किंवा रायफलीच्या पट्ट्यावर टेकेल अशी घडवता येत नाही, कारण तसे झाल्यास रायफलीला आणखी एक आधार मिळतो. स्पर्धेआधीच्या साहित्यतपासणीत हेही पाहिले जाते.