लांडाऊ-लिफ्शित्स यांचे दोन ग्रंथ आणि मापनाचा प्रश्न

विसाव्या शतकातील सैद्धांतिक भौतिकीच्या अध्यापनावर सोव्हिएत भौतिकशास्त्रज्ञ लेव लांडाऊ (१९०८-१९६८) आणि त्यांचे शिष्य येवगेनी लिफ्शित्स यांच्या दहा खंडांच्या ग्रंथमालेचा खोल प्रभाव पडला. लांडाऊ स्वतः क्वचितच लिहीत. विचार व मांडणीत त्यांचा मोठा वाटा असे, तर लेखनाचा भार लिफ्शित्स वाहत. या मालेतील सांख्यिकीय भौतिकी व पुंजयामिकी या विषयांवरील ग्रंथ सामान्यतः स्वतंत्रपणे अभ्यासले जातात. मात्र या दोहोंना जोडणारा एक धागा आहे, आणि त्याकडे फारसे लक्ष गेलेले नाही.

सांख्यिकीय भौतिकीवरील ग्रंथाची पहिली आवृत्ती १९३८ मध्ये निघाली. त्याच वर्षी २८ एप्रिल रोजी स्टालिनच्या राजवटीने लांडाऊंना अटक केली. प्योत्र कापित्सा यांच्या प्रयत्नांमुळे वर्षभराने त्यांची सुटका झाली. अटकेच्या वर्षीच हा ग्रंथ ऑक्सफर्डहून इंग्रजीतही प्रसिद्ध झाला, ही त्या काळातील एक विलक्षण विसंगती म्हणावी लागेल. गिब्ज यांच्या पद्धतीवर संपूर्ण विवेचन उभारणे आणि उष्मागतिकीला वेगळे दालन न देता तिला सांख्यिकीतूनच निष्पन्न करणे, हे या ग्रंथाचे वैशिष्ट्य होय. पुढील आवृत्त्यांत घनता आव्यूहालाही पायाभूत स्थान मिळाले. ही संकल्पना लांडाऊंनी १९२७ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी मांडली होती.

पुंजयामिकीचा ग्रंथ १९४८ चा. त्याच्या आरंभीच लेखकांनी एक अवघड विधान निःसंकोचपणे केले आहे: अभिजात यामिकी ही पुंजयामिकीची सीमास्थिती असली, तरी पुंजयामिकीची मांडणी अभिजात यामिकीच्या आधाराशिवाय करता येत नाही. मापन म्हणजे पुंजकण व अभिजात उपकरण यांची परस्परक्रिया. ही क्रिया कालदृष्ट्या एकदिश आहे. मापनापूर्वीचा व नंतरचा काळ समान नाही.

सांख्यिकीय ग्रंथात एंट्रॉपीच्या वाढीची चर्चा करताना लेखक नेमके येथेच परततात. मूळ गतिसमीकरणे काळाच्या दोन्ही दिशांत सममित असताना उष्मागतिकीचा दुसरा नियम एकदिश कसा? या एकदिशतेचे मूळ मापनक्रियेत असू शकेल आणि तसे असल्यास प्लांक स्थिरांक असलेली एखादी असमता मिळायला हवी, असे ते सुचवतात. अशी असमता सिद्ध करणे कोणालाही जमलेले नाही, हेही ते प्रांजळपणे नमूद करतात. पाठ्यग्रंथात असा उणेपणा मान्य केलेला सहसा आढळत नाही.

पुंजयामिकीच्या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर १९५८ मध्ये जे. बी. साइक्स व जॉन बेल यांनी केले. शब्दाशब्दाला अडखळत जाणाऱ्या भाषांतरकाराइतका बारकाईने ग्रंथ दुसरे कोण वाचणार? १९६४ मध्ये बेल यांनी आपला विख्यात प्रमेय मांडला. त्याच्या प्रायोगिक कसोट्यांसाठी २०२२ चे नोबेल पारितोषिक दिले गेले. १९९० मधील मापनविषयक लेखात बेल यांनी याच ग्रंथाची कठोर चिकित्सा केली. उपकरण अभिजात म्हणायचे, तर पुंजजगत् कोठे संपते व अभिजात जगत् कोठे सुरू होते, हा त्यांचा प्रश्न होता. मूलभूत सिद्धांतात ‘मापन’ या शब्दाला जागाच असू नये, असे त्यांचे मत होते. तरीही चिकित्सेसाठी त्यांनी जे ग्रंथ निवडले, ते त्यांच्या लेखी उत्तम ग्रंथच होते.

लांडाऊंच्या निधनानंतर लिफ्शित्स व पितायेव्स्की यांनी सांख्यिकीय ग्रंथ सुधारून वाढवला. त्या आवृत्तीतही न सापडलेल्या असमतेची ती नोंद कायम ठेवलेली आहे.