पाट लागल्यावर मुलांचा वाटा

सटाणा हे बागलाण तालुक्याचे मुख्य ठाणे. या मुलखातल्या शेतकरी आणि कारागीर जातींत विधवेचा किंवा नवऱ्याने टाकलेल्या बाईचा दुसरा घरोबा पाट म्हणून रूढ होता. त्याला लग्नाचा थाट नसे. विधी रात्री, मोजक्या माणसांत उरकत. मराठेशाहीत त्यावर पाटदाम नावाची पट्टी घेतली जाई. अंगावर पिणारे मूल बहुधा आईबरोबर जाई, कळते मूल बापाच्या भाऊबंदांकडे राही. जमीन त्या घरची, म्हणून वारसही त्याच घरचा.

१८५६ च्या विधवा-पुनर्विवाह कायद्याने यावर सरकारी शिक्का मारला. कलम २ नुसार पुनर्विवाह होताच पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा आणि पोटगीवरचा हक्क संपे, जणू ती बाई मेलीच. कलम ३ मुळे मुलांना वेगळा पालक नेमावा, असा अर्ज नवऱ्याचे नातलग करू शकत. पाट पूर्वापार चालणाऱ्या जातींना कलम २ लागू आहे का, हा वाद मुंबई उच्च न्यायालयात गेला आणि १८९६ मध्ये विठू विरुद्ध गोविंदा खटल्यात निकाल विधवेच्या विरोधात लागला. जिच्या सुटकेसाठी कायदा झाला, तिच्यावरच रिकाम्या हाताने उंबरठा ओलांडण्याची पाळी आली. १९५६ च्या वारसा कायद्याने विधवेचा वाटा तिच्या पूर्ण मालकीचा केला, तेव्हा कुठे ही अडवणूक सैल झाली.

विधवांना महिन्याची रोख मदत १९८० मध्ये संजय गांधी निराधार अनुदान योजनेतून आली. अर्ज तहसील कचेरीत, चौकशी तलाठ्याची. २०१९ च्या दरांनुसार निराधार विधवेला १,००० रुपये, एक मूल असल्यास १,१००, दोन असल्यास १,२०० मिळत. म्हणजे मुलांचे शंभर-दोनशे रुपयेही आईच्या वैधव्याला बांधलेले होते. तिने पुन्हा लग्न केले की तेही बंद होत. नवा नवरा पोरांना पोसेल, हे गृहीतच. केंद्राच्या २००९ च्या विधवा निवृत्तिवेतनातही पुनर्विवाहानंतर रक्कम थांबते. लग्नाविना केलेला घरोबा कागदावर दिसत नाही; गावात मात्र तो लपत नाही, आणि चौकशी गावातच होते.

बालसंगोपन योजना निदान मुलाकडे पाहून पैसे देते: २०२३ पासून दरमहा २,२५० रुपये, अठरा वर्षांपर्यंत. पण एकच पालक उरलेल्या मुलाला ती मिळते ती त्या एकटेपणामुळेच. २०२४ ची लाडकी बहीण योजना विवाहित, विधवा, परित्यक्ता असा भेद करत नाही. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असावे लागते, त्यामुळे नव्या नवऱ्याची कमाई हिशेबात येते. या योजनेच्या १,५०० रुपयांत मुलांसाठी वेगळी रक्कम नाही.