डिस्को डान्सर

डिस्को डान्सर हा १९८२ साली प्रदर्शित झालेला हिंदी चित्रपट आहे. त्याचे दिग्दर्शन बब्बर सुभाष यांनी केले असून लेखन राही मासूम रझा यांचे आहे. मिथुन चक्रवर्ती, किम, कल्पना अय्यर, ओम पुरी, गीता सिद्धार्थ, ओम शिवपुरी आणि करण राजदान यांच्या त्यात प्रमुख भूमिका आहेत. राजेश खन्ना पाहुणे कलाकार म्हणून दिसतात. चित्रपटाला बप्पी लाहिरी यांचे संगीत आहे. १० डिसेंबर १९८२ रोजी प्रदर्शित झालेल्या या चित्रपटाला भारतापेक्षाही मोठा प्रेक्षकवर्ग सोव्हिएत संघात मिळाला. समीक्षकांची नापसंती आणि सामान्य प्रेक्षकांचे प्रेम यांतील अंतराचे उदाहरण म्हणून त्याचा उल्लेख केला जातो.

पार्श्वभूमी

डिस्को संगीताचा बहर अमेरिकेत १९७० च्या दशकात होता. १९७९ मध्ये शिकागो येथील मैदानावर डिस्कोच्या ध्वनिमुद्रिका जाहीरपणे नष्ट करण्यात आल्या आणि तेथे या संगीताची लाट ओसरू लागली. भारतात मात्र ती त्यानंतर उसळली. ‘कुर्बानी’ (१९८०) या चित्रपटातील नाझिया हसन यांच्या गाण्याने आणि पाठोपाठ आलेल्या त्यांच्या ‘डिस्को दीवाने’ (१९८१) या गीतसंग्रहाने त्यासाठी श्रोतृवर्ग तयार केला होता. मिथुन चक्रवर्ती यांना मृणाल सेन यांच्या ‘मृगया’ (१९७६) या पहिल्याच चित्रपटासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता. परंतु नर्तक-नायक ही त्यांची ओळख ‘डिस्को डान्सर’मुळे दृढ झाली.

कथानक

मुंबईच्या रस्त्यांवर गाऊन-वाजवून पोट भरणाऱ्या अनिल या मुलावर ओबेरॉय हा धनाढ्य गृहस्थ चोरीचा आळ घेतो. आळ आईवर येऊन तिला तुरुंगवास घडतो आणि मायलेकांना मुंबई सोडून गोव्यास जावे लागते. पुढे मुंबईत परतलेल्या अनिलला डेव्हिड ब्राऊन हा व्यवस्थापक हेरतो आणि ‘जिमी’ या नावाने तो डिस्को नर्तक म्हणून प्रसिद्ध होतो. त्याचा प्रतिस्पर्धी सॅम हा ओबेरॉयचाच मुलगा असतो. जिमीला मारण्यासाठी गिटारमध्ये विजेचा प्रवाह सोडला जातो, पण त्यात आईचा बळी जातो. त्या धक्क्याने जिमीला गिटारची भीती बसते. आंतरराष्ट्रीय स्पर्धेच्या मंचावर ही भीती ओलांडून तो पुन्हा गातो, हा चित्रपटाचा उत्कर्षबिंदू आहे.

संगीत

गीते अंजान व फारुक कैसर यांची आहेत. ‘आय अॅम अ डिस्को डान्सर’ हे शीर्षकगीत विजय बेनेडिक्ट यांनी, ‘जिमी जिमी जिमी आजा’ हे त्रिनिदाद येथे जन्मलेल्या पार्वती खान यांनी, तर ‘याद आ रहा है’ हे स्वतः बप्पी लाहिरी यांनी गायले आहे. किशोर कुमार आणि उषा उथुप यांचेही स्वर या चित्रपटात आहेत.

ध्वनिमुद्रिकेत मराठी गायकांचा वाटा मोठा आहे. नायकाच्या बालपणीचे ‘गोरों की न कालों की’ हे गीत सुरेश वाडकर व उषा मंगेशकर यांचे आहे. ‘कृष्णा धरती पे आजा तू’ हे गीत नंदू भेंडे यांनी गायले. ज्येष्ठ रंगकर्मी आत्माराम भेंडे यांचे पुत्र असलेले नंदू भेंडे मुंबईतील रॉक गायक होते आणि ॲलेक पदमसी यांच्या ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’ या संगीतिकेत त्यांनी जूडासची भूमिका केली होती.

काही चालींच्या मौलिकतेविषयी आक्षेप घेतले गेले. ‘जिमी जिमी’ची चाल ओट्टावान या फ्रेंच गटाच्या १९८० मधील गाण्याशी, तर ‘कोई यहाँ नाचे नाचे’ची चाल बगल्स या ब्रिटिश गटाच्या १९७९ मधील गाण्याशी जुळते. तथापि, ज्यांच्यापर्यंत मूळ गाणी पोहोचलीच नव्हती, त्या बहुसंख्य भारतीय श्रोत्यांसाठी बप्पी लाहिरी यांचीच गाणी मूळ ठरली.

भारतातील प्रतिसाद

चित्रपट भारतात यशस्वी ठरला. अतिरंजित कथानक, भडक वेशभूषा आणि उसन्या चाली यांवर समीक्षकांनी टीका केली. प्रेक्षकांना मात्र रस्त्यावरचा मुलगा केवळ नृत्याच्या बळावर श्रीमंतांच्या मंचावर पोहोचतो, ही कल्पना भावली. कमी उत्पन्न गटातील तरुणांत मिथुन चक्रवर्ती यांची लोकप्रियता इतकी वाढली, की ‘गरिबांचा अमिताभ’ असे त्यांना संबोधले जाऊ लागले. त्यांची केशरचना, चमकदार कपडे आणि कमरेच्या हालचाली यांचे अनुकरण होऊ लागले.

त्या काळी नव्या चित्रपटाच्या प्रती प्रथम मोठ्या शहरांत लागत आणि नंतर क्रमाक्रमाने लहान गावांकडे जात. खानदेशात भुसावळ हे चित्रपट-वितरणाचे महत्त्वाचे केंद्र होते. साक्रीसारख्या तालुक्याच्या गावांत आणि यात्रांतील तंबू-टॉकीजमध्ये चित्रपट उशिरा पोहोचत. त्यामुळे अशा भागांत चित्रपटाची गाणी रेडिओ, कॅसेट आणि लग्नाच्या बँडवरून आधी ऐकू येत व चित्रपट नंतर पाहिला जाई. १९८० च्या दशकात स्वस्त झालेल्या कॅसेटमुळे हे अंतर अधिकच वाढले. मुंबईतील नवरात्रोत्सवात याच दशकात ‘डिस्को दांडिया’ रुजला, तोही याच लाटेचा भाग होता.

सोव्हिएत संघातील प्रतिसाद

सोव्हिएत संघात हा चित्रपट १९८४ मध्ये प्रदर्शित झाला आणि त्याची सुमारे ६ कोटी तिकिटे विकली गेली. राज कपूर यांचा ‘आवारा’ १९५४ मध्ये तेथे प्रदर्शित झाल्यावर त्याला सुमारे ६.४ कोटी प्रेक्षक लाभले होते. तीस वर्षांनंतर त्या यशाच्या जवळ जाणाऱ्या मोजक्या भारतीय चित्रपटांत ‘डिस्को डान्सर’ची गणना होते.

या यशाची दोन कारणे सांगितली जातात. गरीब नायक, अन्यायी धनिक आणि त्यागी आई ही मांडणी सोव्हिएत प्रेक्षकांना ‘आवारा’पासून परिचित होती. दुसरीकडे, पाश्चात्त्य पॉप संगीताकडे तेथील अधिकृत संस्कृती संशयाने पाहत असताना, मित्रराष्ट्राच्या चित्रपटातून झगमगते दिवे आणि नृत्याचा ठेका विनाअडथळा पाहता येत होता. सोव्हिएत समीक्षक भारतीय मेलोड्रामाला कमी दर्जाचा मानत, तरी प्रेक्षक त्यासाठी रांगा लावत. या विसंगतीचा अभ्यास सुधा राजगोपालन यांनी सोव्हिएत चित्रपटगृहांतील भारतीय चित्रपटांवरील आपल्या ग्रंथात केला आहे.

नंतरचा प्रभाव

बब्बर सुभाष, मिथुन चक्रवर्ती आणि बप्पी लाहिरी हे त्रिकूट पुढे ‘कसम पैदा करने वाले की’ (१९८४) व ‘डान्स डान्स’ (१९८७) या चित्रपटांत पुन्हा एकत्र आले.

‘जिमी जिमी’ या गाण्याला स्वतंत्र आयुष्य लाभले. ब्रिटिश गायिका एम.आय.ए. यांनी २००७ मध्ये ते नव्या रूपात गायले आणि २००८ मधील ‘यू डोन्ट मेस विथ द झोहान’ या अमेरिकी चित्रपटातही ते वापरले गेले. रशियात काम करणारे ताजिक स्थलांतरित कामगार बायमुरात अल्लाबेरिएव हे बादलीवर ताल धरून हे गाणे गातानाची चित्रफीत इंटरनेटवर पसरली आणि ते ‘ताजिक जिमी’ म्हणून प्रसिद्ध झाले. २०२२ च्या उत्तरार्धात चीनमध्ये कोविड टाळेबंदीने त्रस्त झालेल्या नागरिकांनी रिकामी भांडी दाखवत याच गाण्यावर चित्रफिती तयार केल्या. चिनी भाषेत ‘जिए मी’ या उच्चाराचा अर्थ ‘तांदूळ उसने द्या’ असा होत असल्याने गाण्याची ओळ अन्नटंचाईवरील उपरोधिक तक्रार बनली.

२०२२ मध्ये लंडन येथे या चित्रपटावर आधारित संगीतनाट्य रंगमंचावर आले. त्याच वर्षी १५ फेब्रुवारी रोजी बप्पी लाहिरी यांचे मुंबईत निधन झाले. मिथुन चक्रवर्ती यांना २०२२ या वर्षासाठीचा दादासाहेब फाळके पुरस्कार २०२४ मध्ये प्रदान करण्यात आला.